स्वयंचलित गिअरबॉक्सचे मॅन्युअलमध्ये रूपांतर

मोटारीतील स्वयंचलित गिअरबॉक्स काढून क्लच व हाताने बदलायचे गिअर बसवण्याचे काम. अमेरिकेत विकली गेलेली १९९० च्या दशकातील लेक्सस एससी ३०० हे याचे सोयीचे उदाहरण. तिची पाच गिअरांची मॅन्युअल आवृत्ती कंपनीनेच काढल्यामुळे मूळ सुटे भाग तिला बसतात. टॉर्क कन्व्हर्टर व पातळ फ्लेक्सप्लेट जाऊन जड फ्लायव्हील, क्लचप्लेट आणि प्रेशरप्लेट येतात. क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंग बसवावे लागते. एवढीशी वस्तू, पण विसरली तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. क्लच पेडल, मास्टर व स्लेव्ह सिलिंडर हवेत, प्रॉपेलर शाफ्टची लांबीही जुळायला हवी. खरी कसोटी वायरिंगची : पार्क-न्यूट्रल स्विचचे सर्किट नव्याने जोडल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, रिव्हर्सचे दिवेही लागत नाहीत.