सेवक-नेतृत्व
हाताखालच्या माणसांची गरज आधी आणि स्वतःचा अधिकार नंतर, या क्रमाने काम चालवण्याची रीत. अमेरिकेतील एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत उमेदीची वर्षे घालवलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली एका निबंधात ही कल्पना मांडली. ज्यांची सेवा केली ती माणसे अधिक समर्थ, अधिक स्वतंत्र झाली का, ही ग्रीनलीफ यांची कसोटी होती. विदर्भात या कसोटीला उतरणारे काम त्याआधीच उभे राहिले होते.

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरची वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुका लागतो. हिंगणघाटला जन्मलेले मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) वरोऱ्यात वकिली करत. ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांचे पुढारीही. कामगारांचे हाल समजून घ्यायचे, तर भाषण पुरणार नव्हते. बाबांनी मैल्याची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि काही महिने ते काम केले. पदावरच्या माणसाने असे करणे त्या काळच्या जातिव्यवस्थेत किती अवघड होते, हे आज सहज विसरले जाते.

पुढे कुष्ठरुग्णांसाठी १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ पडीक जमिनीत आनंदवन ही त्यांची वसाहत सुरू झाली. पहिली गरज पाण्याची. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली गेली आणि बाबा व त्यांच्या पत्नी साधनाताई त्याच कष्टांत होते. रोग्याला भीक नको, काम हवे, हा तिथला नियम. शेती, दूध, विणकाम, गवंडीकाम, सुतारकाम रुग्णच शिकले आणि पुढे नव्यांना शिकवू लागले.

तरी गावात त्यांच्या मालाला हात लावायला लोक धजत नसत. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तिथे राहिले, बांधकामावर राबले, तिथलेच अन्न जेवले. हे पाहून वरोरेकरांची भीती ओसरू लागली. १९६४ मध्ये परिसरातील मुलांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय निघाले. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले, त्यांनी त्याच समाजाला कॉलेज दिले. ग्रीनलीफ यांच्या कसोटीला याहून चोख उत्तर सापडणे कठीण.

मुंबईतील श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड हे दुसरे उदाहरण. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन ते सुरू केले. पापड लाटणाऱ्या भगिनीच संस्थेच्या मालक असतात आणि कारभारी मंडळही त्यांच्यातूनच येते. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. आनंदवनाची धुरा बाबांनंतरही मुख्यतः आमटे कुटुंबाकडे राहिली. लिज्जतमध्ये ती लाटणाऱ्या हातांतून फिरते. त्यागी माणसाभोवती उभ्या राहिलेल्या संस्थेला पुढचे नेते कामगारांतून घडवणे अधिक जड जाते.