श्वेत बटूवरील द्रव्यपात व चुंबकीय क्षेत्र : एका शोधाचा इतिहास

वैशाखातील मध्यरात्री माहूरच्या गडावरून पाहिले असता पूर्वेच्या अंगास शौरी हे तारकामंडल चांगले वर आलेले दिसते. ए. एम. हर्क्युलिस हा तारा याच मंडलातील. परंतु दुर्बिणीवाचून त्याचे दर्शन घडत नाही. १९२३ साली माक्स वोल्फ यांनी तो हुडकला, तेव्हा रूपविकारी तारा एवढीच त्याची नोंद झाली, आणि पुढे अर्धशतक त्या नोंदीत विशेष भर पडली नाही.

वस्तुतः ते एक युग्म आहे. श्वेत बटू व एक लहान तांबडा तारा सुमारे ३ तासांत परस्परांभोवती फिरतात, आणि तांबड्या ताऱ्याचे द्रव्य श्वेत बटूकडे ओढले जाते. असे द्रव्य सरळ न पडता ताऱ्याभोवती चकती करून हळूहळू आत सरकते, हा सर्वसाधारण सिद्धांत होय. १९७० साली जेम्स केंप यांना एका एकाकी श्वेत बटूच्या प्रकाशात वर्तुळ ध्रुवण आढळले व अशा ताऱ्यांस प्रबळ चुंबकीय क्षेत्र असू शकते, हे कळून आले. १९७६ साली तापिया यांनी तसेच ध्रुवण ए. एम. हर्क्युलिसच्या प्रकाशात पाहिले.

पृथ्वीचे क्षेत्र सुमारे अर्धा गौस; येथे ते १.४ कोटी गौसांच्या आसपास आहे. त्यापुढे चकती बनूच शकत नाही. आयनीभूत वायू बलरेषांना धरून चुंबकीय ध्रुवानजीक कोसळतो, आघाताने १० कोटी अंशांच्या घरात तापतो आणि क्ष-किरण उत्सर्जित करतो. श्वेत बटू जितका वजनदार, तितका तो आकाराने लहान व पतनाचा वेग मोठा; म्हणून या तापमानावरून त्याच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो.

वस्तुमानाच्या या प्रश्नाचा एक धागा मुंबईशी जुळतो. १९३० च्या जुलैअखेर तेथून बोटीने इंग्लंडला निघालेल्या चंद्रशेखर यांनी श्वेत बटूच्या वस्तुमानास मर्यादा असल्याचे प्रवासातच गणिताने ताडले. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. त्यांचेच नाव धारण करणारी 'चंद्रा' वेधशाळा १९९९ साली अवकाशात गेली. तिने टिपलेल्या ए. एम. हर्क्युलिसच्या क्ष-किरण वर्णपटाचे परीक्षण गिरीश, राणा व सिंग यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. सिंग यांच्याच नेतृत्वाखाली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्ध झालेली क्ष-किरण दुर्बीण २०१५ साली 'ॲस्ट्रोसॅट'बरोबर अवकाशात गेली.

ताऱ्याचा प्रकाश किती, एवढेच मोजले जात असता जे पन्नास वर्षे अज्ञात राहिले, ते त्या प्रकाशाचे ध्रुवण तपासताच उघड झाले.