एकाच तुडतुड्याची तीन नावे

भात पोटरीवर आले की रात्री दिव्याभोवती हिरवे किडे गोळा होतात. बोटाने डिवचले तर टुणकन उडी मारतात आणि चालतात ते तिरके. हेच आपले हिरवे तुडतुडे. लांबी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. एवढ्याशा किड्याच्या नावाचा घोळ घालायचा कशाला, असे आपण म्हणाल. पण ऐका तर.

भातावर आणि बांधावरच्या गवतावर राहणाऱ्या या तुडतुड्यांचा गट लहानसाच. स्वीडनच्या स्टोल यांनी १८७० साली फिलिपाइन्समधल्या एका जातीला ‘निग्रोपिक्टस’ नाव दिले. निग्रोपिक्टस म्हणजे काळा रंग लावलेला. जपानच्या मात्सुमुरा यांनी १९०२ साली साऱ्या गटाला ‘नेफोटेटिक्स’ म्हटले. पुढे १९०८ साली इंग्रज कीटकशास्त्रज्ञ डिस्टंट यांनी हिंदुस्थानच्या किड्यांवरील ग्रंथात ‘विरेसेन्स’, म्हणजे हिरवट, अशी एक जात वर्णिली. पण ती त्यांनी टाकली भलत्याच गटात! साहजिकच ती नजरेआड राहिली. शेतकी लेखांत तोच किडा ‘बायपंक्टेटस’ या चुकीच्या नावाने वावरला. १९६४ साली जपानच्या इशिहारा यांनी त्याला नवा समजून ‘इंपिक्टिसेप्स’ म्हटले. किडा एक, नावे तीन!

नेमक्या त्याच सुमारास भाताचा टुंग्रो रोग पुढे आला. रोप खुजे राहते, पाने पिवळी-नारिंगी पडतात. हा रोग तुडतुडा पसरवतो, हे फिलिपाइन्समधील रिवेरा आणि ऊ यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. तुडतुडा आजारी रोपाचा रस शोषतो आणि निरोगी रोपावर जाऊन बसतो. रोग त्याच्याबरोबर जातो. १९६९ साली उत्तर प्रदेश-बिहारात या रोगाने भाताचे मोठे नुकसान केले. आता प्रश्न असा, की दोषी कोणता तुडतुडा? विरेसेन्स हा रोगाचा पटाईत वाहक. निग्रोपिक्टस त्या मानाने कच्चा, आणि त्याचा ओढा गवताकडे अधिक. नावेच एकमेकांत मिसळली, तर एका देशाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी कसा यावा?

अखेर घौरी यांनी टाचणीला लावून जपलेले मूळ नमुने पुन्हा तपासले आणि १९७१ साली निवाडा दिला: इंपिक्टिसेप्स म्हणजे डिस्टंट यांचा विरेसेन्सच. जुन्या पुस्तकांतला ‘एपिकॅलिस’ म्हणजे निग्रोपिक्टस.

गुरुजनहो, हे मुलांना सहज दाखवता येईल. दिव्याखालचे तुडतुडे गोळा करा, भिंगातून डोके वरून पाहा. पुढच्या कडेलगत, दोन डोळ्यांमध्ये काळी पट्टी असेल तर तो निग्रोपिक्टस. डोके नुसते हिरवे असेल तर बहुधा विरेसेन्स. ‘बहुधा’ एवढ्यासाठी, की रंग कमीजास्त होतो. शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या जननेंद्रियावरील काट्यांवरून लागतो. पण दोन ढीग वेगळे करायला शिकलेला मुलगा उद्या शेतात नुसते ‘तुडतुडे पडलेत’ म्हणून थांबणार नाही. कोणते पडलेत, ते वाकून पाहील.