टायरच्या कडेवरचा गोतावळा

नवे टायर घ्यायला गेलं की आपण दोनच गोष्टी विचारतो: कंपनी कुठली आणि चारांचे किती. दुकानदार मात्र आधी जुन्या टायरची कड वाचतो. स्कॉर्पिओसारखी गाडी असेल तर तिथे असतं २३५/६५ आर १७ १०४ एच. पहिला आकडा मिलिमीटरचा, दुसरा टक्क्यांचा, तिसरा इंचांचा. चौथा कशाचंच माप नाही, तो एका तक्त्यातला क्रमांक. आणि शेवटचं अक्षर वेगाचं. मेट्रिक आणि इंच यांचा असा एकत्र संसार कोणी शहाणा माणूस मुद्दाम थाटणार नाही. तो कोणी थाटलाही नाही. शंभर वर्षांत एकेक पाहुणा आला आणि मुक्कामाला राहिला.

सगळ्यांत जुना इंच. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३½ असे टायर असत. यातले ३० इंच म्हणजे रिम नव्हे, तर टायरची बाहेरून मोजलेली उंची. वरची-खालची जाडी वजा करून रिम ज्याची त्याने काढायची: पुढचा २४, मागचा २३. एकाच गाडीला दोन मापांचे रिम, आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. १९२० च्या दशकात कमी हवेवर चालणारे फुगीर ‘बलून’ टायर आले, तेव्हा ही वजाबाकी सुटली आणि सरळ रिमचंच माप लिहिलं जाऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा टायर ६.००-१६ होता: सहा इंच रुंद, सोळा इंची रिम. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत याच जीप जोडायला घेतल्या, त्यामुळे आपल्याकडच्या दणकट गाड्यांच्या टायरचं मूळ पुरुष हेच माप म्हणायला हरकत नाही.

त्या मापात उंचीचा आकडा नाही, कारण त्याची गरजच नव्हती. टायर जवळजवळ रुंद तितकाच उंच असे. पुढे टायर बसके होत गेले तेव्हा उंची रुंदीच्या किती टक्के, हे लिहिणं भाग पडलं. आपला ६५ तो हा. मोठे टायर घालायची हौस असलेल्यांनी याच आकड्यावर बोट ठेवून हिशेब करावा. २३५/६५ आर १७ ची पूर्ण उंची सुमारे ७३७ मिलिमीटर. त्याजागी २५५/६५ घातला तर ती ७६३ होते. म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या पुढे असते. २५५/६० घेतला तर रुंदी वाढते आणि उंची जवळपास तीच राहते. अर्थात तो रिमवर नीट बसायला हवा आणि चाक पूर्ण वळवल्यावर कुठे घासता कामा नये.

‘आर’ म्हणजे रेडियल. मिशलँ कंपनीने त्याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं. कल्पना मारियुस मिन्योल याची. टायर तापतो कुठून, हे शोधायला त्याने कडांचं कापड काढून तिथे नुसत्या विरळ पोलादी तारा ठेवलेला एक टायर बनवला. दिसायला तो पिंजऱ्यासारखा, पण त्याची कड फारशी तापेना. आडव्या-तिरप्या थरांचं एकमेकांवरचं घर्षण हेच उष्णतेचं मूळ, हे त्यातून कळलं. १९४९ मध्ये हा टायर बाजारात आला. रेडियलबरोबर रुंदी मिलिमीटरमध्ये लिहायची रीत रुळली. रिम मात्र बहुतेक ठिकाणी इंचांतच बनत होते. पुढे १९७५ मध्ये मिशलँनेच टीआरएक्स नावाचे टायर काढून रिमही मिलिमीटरमध्ये आणायचा प्रयत्न केला. पण त्या रिमवर नेहमीचा टायर बसत नसे, आणि गिऱ्हाइकाला असं बांधून घेणं आवडत नाही. इंच राहिला तो राहिलाच.

ट्रकच्या कडेवर तर आणखी जुनी माणसं भेटतात. १०.००-२० १६ पीआर यातले १६ म्हणजे एके काळी खरोखरच सुती कापडाचे थर. पुढे सुताच्या जागी नायलॉन आला, मग पोलाद. ट्रकच्या पोलादी रेडियलच्या अंगात आज तारांचा एकच थर असतो, तरी कडेवर १६ पीआर लिहितात. अर्थ इतकाच, की सोळा सुती थरांइतकं ओझं पेलेल. अमेरिकेतल्या पिकअपच्या एलटी टायरवर हेच सी, डी, ई अशा अक्षरांत असतं: सहा, आठ, दहा थर.

ट्रकच्या ट्यूबलेस टायरच्या २२.५ मधला अर्धा इंच मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ट्यूबवाल्या वीस इंची रिमला वरून एक लोखंडी रिंग बसवलेली असते. ती नीट बसली नसताना हवा भरली तर उडते आणि माणूस मारू शकते. म्हणून जाणता पंक्चरवाला हवा भरताना चाकाच्या समोर थांबत नाही. ट्यूबलेसचा रिम एकसंध, त्याची बैठक १५ अंशांनी उतरती; अशा रिमच्या मापाला अर्धा इंच जोडायची पद्धत पडली, म्हणजे घोटाळा नको. घोटाळा व्हायचा तो झालाच. अमेरिकेतल्या पिकअपना काही वर्षं १६.५ इंची रिम येत. त्यावर सोळाचा टायर चढतो, पण काठातली पोलादी तार जागेवर बसत नाही. बसवण्यासाठी हवा वाढवत न्यावी, तर तार तुटून टायर फुटतो. माणसं दगावली, खटले झाले, आणि टायरवर इशारे छापले जाऊ लागले.

आता १०४. हा भाराचा क्रमांक: १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०८ म्हणजे १०००. तक्त्याची चढण ठरलेली आहे, चोवीस पायऱ्या चढलं की भार दुप्पट. ८० ला ४५० किलो आहेत. मोठ्या गाडीसाठी टायर निवडताना मी तरी कंपनीच्या नावाआधी हा आकडा पाहीन. माप तंतोतंत तेच आणि क्रमांक कमी, असा टायर स्वस्तात मिळतो. रिकाम्या गाडीत फरक कळतही नाही. सात माणसं, टपावर सामान आणि मे महिन्यातला समृद्धी महामार्ग असला की कळतो. क्रमांकाइतकीच हवाही मोजावी, कारण तो भार पुऱ्या हवेवरच पेलला जातो.

याचा सर्वांत महागडा धडा फोर्ड एक्स्प्लोरर या एसयूव्हीचा. तिच्या फायरस्टोन टायरचा नक्षीचा पट्टा भर वेगात सोलून निघे आणि गाडी उलटे. फोर्डची शिफारस २६ पाउंड हवेची होती, फायरस्टोन ३० म्हणत होती. हवा कमी की कड जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तापली की थरांची पकड सुटते. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवायची घोषणा झाली. मृत्यूंचा आकडा अखेर अडीचशेच्या वर गेला. दोष टायरचा की गाडीचा, यावरून १९०६ पासूनचा दोन घराण्यांचा व्यवहार २००१ मध्ये तुटला. नव्या गाड्यांच्या काट्यांशेजारी लागणारा हवेचा दिवा अमेरिकेत सक्तीचा झाला तो या प्रकरणानंतरच्या कायद्याने.

शेवटच्या ‘एच’ची गंमत वेगळी. एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, यू २००, आणि मग वर्णमालेला न जुमानता एच २१०. एस, एच आणि व्ही ही अक्षरं आधी ठरली होती, मधल्या जागा नंतर भरल्या.

कडेवरच्या या घराण्यातलं शेंडेफळ म्हणजे चार आकडी तारीख. २००० पूर्वी तीनच आकडे असत, त्यामुळे टायर १९८८ चा की १९९८ चा हा प्रश्न पडे. आता २४१८ म्हणजे २०१८ सालचा चोविसावा आठवडा. ट्रकवाल्याला याची फारशी फिकीर नसते, त्याचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजून जातो. शनिवार-रविवारच्या एसयूव्हीचं उलट: नक्षी शाबूत, रबर वाळलेलं. त्यात गाडीच्या पोटाखाली लटकलेली स्टेपनी म्हणजे सर्वांत फसवी. ‘ती तर कोरी आहे, साहेब’ असं दुकानात हमखास सांगतात. तिची तारीख पुष्कळदा आतल्या कडेला असते, ती खाली उतरवून घेतल्याशिवाय दिसत नाही.