तेल तोडलं तर गाठ उपाशी मरते का?



आमच्या गटातल्या एका मावशींना स्तनाचा कर्करोग निघाला. उपचार सुरू झाले आणि घरात त्यांच्या ताटातलं तेल-तूप बंद झालं. मी भेटायला गेले तर सून म्हणाली, "ताई, तेलानं गाठ वाढते म्हनतात. मंग तेलच तोडलं तं थे उपाशी मरन ना?" तिचा हेतू वाईट नव्हता. चरबीचा आणि गाठीचा संबंधही खोटा नाही. पण तो आपल्याला वाटतो तसा सरळ नाही. तो कसा उलगडत गेला, ते आज सांगते.

सुरुवात आपल्याच मराठी बाईपासून करू. कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. जन्म १९१७ सालचा, पुण्याचा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. एम.एस्सी.ला कमलताईंनी अभ्यास केला सीताफळाच्या कुळातल्या झाडांचा! पुढे मुंबईला टाटा हॉस्पिटलात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या, १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत शिकून परत आल्या आणि मुंबईत पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जगवण्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनांतल्या गाठींवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आनुवंशिकता, विषाणू आणि हार्मोन यांचा त्या गाठींशी असलेला संबंध तपासला.

या हार्मोनमध्येच चरबी येते. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कोलेस्टेरॉलपासून तयार होतं, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात. पाळी असते तोवर ते मुख्यतः अंडाशयात बनतं. पाळी गेली की शरीरावरची चरबीच ते बनवू लागते. म्हणून उतारवयात वजन फार वाढलेल्या बाईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका जास्त.

आता सुनेच्या प्रश्नाकडे येते. प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आवरणही दुप्पट लागतं. गाठ भराभर वाढते, मग एवढी चरबी आणते कुठून? १९५३ साली अमेरिकेत ग्रेस मेडिस नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गाठींचे पातळ काप घेऊन पाहिलं. ते काप साखरेपासून स्वतःच चरबी तयार करत होते. म्हणजे फोडणी तोडली तरी गाठ भाकरी-भातातून आलेल्या साखरेवर आपलं काम चालवते. उपाशी राहते ती आपली मावशी.

गाठ पसरण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. बार्सिलोनाच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली माणसाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांत घालून पाहिल्या. त्यातल्या काही मोजक्या पेशींवर सीडी-३६ नावाचं प्रथिन होतं, रक्तातली चरबी आत ओढून घेणारं जणू दारच. पसरायचं काम याच पेशी करत होत्या. चरबीयुक्त खुराक दिलेल्या उंदरांत रोग जास्त पसरला आणि ते दार औषधाने अडवलं तेव्हा कमी झाला. हे उंदरांत दिसलं आहे. यावरून कुणी आजारी माणसाचं ताट कोरडं करू नये.

तोंडाच्या कर्करोगाचं निघालंच आहे तर सांगते. आपल्या अमरावती-अकोल्याकडे तो तेलामुळे नाही होत, पन्नीत घोटलेल्या खर्र्यामुळे होतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. आपल्यातल्याही किती जणी दुपारच्या निंदणात गालात चिमूट धरतात! तोंडातला पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला फोड, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं की आशाताईंना सांगून दवाखाना गाठायचा.

आमच्या मावशींचं वजन सहा किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ताटाची गोष्ट बाहेर आली. त्यांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं, की उपचार झेपायला अंगात ताकद लागते. वरण, अंडी, दूध, बेताचं तेल, सगळं द्या. मागच्या सोमवारी मी गेले तेव्हा सून चुलीपाशी होती. मावशींच्या ताटात फोडणीचं वरण होतं आणि जवसाची चटणी. "चटनीवर तेल टाकू का?" असं ती मलाच विचारत होती. मी म्हटलं, मला काय विचारते, मावशींना विचार.