पहिल्या बेसवरचा माणूस

खिसा चाचपा. पाच सेंटचं एक नाणं सापडेल, आणि 1947 साली न्यूयॉर्कच्या सबवेला तेवढं पुरतं. मंगळवार, 15 एप्रिल. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्क स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आलात की पुढची वाट कुणाला विचारावी लागत नाही, गर्दीच नेते. आज बेसबॉलच्या मोसमाचा पहिला दिवस: ब्रुकलिन डॉजर्स विरुद्ध बॉस्टन ब्रेव्ह्ज. तुमच्या पुढे एक कृष्णवर्णीय कुटुंब चाललंय. वडिलांनी रविवारी चर्चला घालायचा सूट चढवलाय, मुलीच्या केसांत रिबन आहे आणि आईच्या कोटावर बिल्ला: मी जॅकीच्या बाजूने.

एबेट्स फील्डच्या दारातून शिरताच गोल संगमरवरी दालन लागतं. फरशीवर बेसबॉलची शिवण काढलेली, झुंबराच्या दांड्या बॅटींच्या आणि दिवे चेंडूंच्या आकाराचे. रेंगाळू नका, वर चढा. मैदान एकदम समोर येतं, आणि इतकं जवळ की फर्स्ट बेसवर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवरचा आकडा बसल्या जागेवरून वाचता येतो. 42.

जॅकी रॉबिन्सन, वय 28. दोन्ही मोठ्या लीगमध्ये मिळून सोळा संघ आहेत, आणि साठ वर्षांहून अधिक काळ त्यांतल्या एकाही संघात कृष्णवर्णीय खेळाडू नाही. नियमाच्या पुस्तकात अशी बंदी कुठेही लिहिलेली नव्हती. सगळ्या मालकांनी ती न लिहिता पाळली. डॉजर्सचे सर्वेसर्वा ब्रँच रिकी यांनी ती मोडायची ठरवली. 1945 च्या ऑगस्टमध्ये रॉबिन्सनला समोर बसवून त्यांनी एक अट घातली: शिव्या मिळतील, अंगावर चेंडू येतील, तरी उलटून बोलायचं नाही. ही अट कुणाला घातली होती ते ध्यानात घ्या. लष्करात लेफ्टनंट असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून ज्याच्यावर कोर्ट मार्शल झालं आणि जो त्यातून निर्दोष सुटला, तो हा माणूस. त्याचा स्वभाव गप्प बसण्याचा नव्हता. म्हणून त्या मोसमात त्याने राखलेलं मौन हे मला कष्टाचं काम वाटतं, बॅटिंगपेक्षाही जड.

आता तो उभा आहे ती जागा नीट बघा. त्याची खरी जागा सेकंड बेस. मागच्या वर्षी माँट्रियलच्या संघाकडून तो तिथेच खेळला. पण ब्रुकलिनचा सेकंड बेस एडी स्टँकीकडे आहे, म्हणून याच्या हातात फर्स्ट बेसचा ग्लोव्ह दिला, तोही मोसम तोंडावर आल्यावर. फर्स्ट बेस म्हणजे कॅनव्हासची चौकोनी गादी, बाजू जेमतेम पंधरा इंच. बॅटर चेंडू मारून तिच्याकडे पळत सुटतो. क्षेत्ररक्षक चेंडू फेकतो, आणि फर्स्ट बेसमनला एक पाय गादीला टेकवून, दुसरा होईल तितका पुढे ताणून तो झेलायचा असतो. धावणाऱ्याचा पाय आणि त्याचा पाय एकाच गादीवर पडतात. धावणारा वाचला तर तो तिथेच, त्याच्या शेजारी उभा राहतो. प्रतिस्पर्ध्यांपैकी ज्याला ज्याला पुढे जायचंय, त्या प्रत्येकाला या माणसाच्या खांद्याला खांदा लावून थांबावंच लागतं. मैदानावर याहून उघडी जागा दुसरी नाही.

आज त्याला एकही हिट मिळत नाही. सातव्या इनिंगमध्ये ब्रुकलिन 2-3 ने मागे आहे, स्टँकी फर्स्ट बेसवर आहे. रॉबिन्सन बॅट आडवी धरून चेंडू नुसता ढकलतो आणि पळतो. त्याचा वेग बघून घाई झालेल्या बॉस्टनच्या टॉर्गेसनची फेक त्याच्याच अंगावर आदळून भरकटते. मग पीट रायझरचा डबल, स्टँकी घरी, रॉबिन्सन घरी. शेवटी 5-3. तुमच्या आसपासचे लोक नुसते ओरडत नाहीत. काही जण उभे राहून रडतायत. स्टँडमध्ये पत्नी रेचेल पाच महिन्यांच्या मुलाला छातीशी धरून बसली आहे.

इथून परतलात तर तुम्हाला चित्रपटात असतो तेवढाच जॅकी भेटेल. थांबा. नॅशनल लीगमध्ये आठ संघ, प्रत्येकाची दुसऱ्याशी 22 वेळा गाठ, एकूण 154 सामने. आज ज्याने शिवी दिली तो उद्या पुन्हा समोर येणार, परवाही येणार, महिन्याने त्याच्या गावी भेटणार. या मोसमाचं मर्म मला या आकड्यातच दिसतं.

22 एप्रिल, फिलाडेल्फिया फिलीज पाहुणे. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन डगआउटमधून बोलायला लागतो, त्याचे खेळाडू साथ देतात. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. तुम्ही डगआउटच्या वरच्याच रांगेत बसला आहात, सगळं ऐकू येतंय, आणि रॉबिन्सनलाही येतंय. तो जमिनीकडे बघत ग्लोव्हमध्ये मूठ मारत राहतो. सगळं सोडून द्यावं असं याइतकं कधीच वाटलं नव्हतं, असं त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवलं. आठव्या इनिंगमध्ये तो हिट मारतो, दुसरा बेस चोरतो, चुकीच्या फेकीवर तिसरा गाठतो आणि सहकारी हर्मान्स्कीच्या हिटवर घरी येतो. सामना 1-0, ती एकमेव धाव त्याची. आणि त्याच मालिकेत स्टँकी चॅपमनच्या डगआउटकडे तोंड करून ओरडतो, की जो उलट उत्तर देऊ शकतो अशाला बोला. रॉबिन्सन संघात आला तेव्हा हाच स्टँकी नाराज होता. त्याचं मन व्याख्यानाने पालटलेलं नाही. रोज दहा पावलांवर उभं राहून ऐकावं लागलं, म्हणून पालटलं.

मे महिन्यात संघाबरोबर रेल्वेने निघा. फिलाडेल्फियात हॉटेल संघाला जागाच नाकारतं. सेंट लुईसमध्ये गोरे खेळाडू एका हॉटेलात उतरतात, रॉबिन्सन वेगळ्या वस्तीतल्या वेगळ्या हॉटेलात. सोबतीला ‘पिट्सबर्ग कुरियर’चा पत्रकार वेंडेल स्मिथ, रॉबिन्सनची बातमी सर्वांत जवळून लिहिणारा हा माणूस, पण तोही कृष्णवर्णीय, त्यामुळे पत्रकार कक्षाची दारं त्याला बंद.

हे सगळं तुम्हाला परकं वाटणार नाही. पुण्याच्या मैदानावर दलित गोलंदाज पळवणकर बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत होते, त्यांनी काढलेल्या विकेटवर सामने जिंकत होते; चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आलं नाही. ते धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये मिळालं. एबेट्स फील्ड उघडलं 1913 च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच वर्षी जुलैत याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले भीमराव आंबेडकर. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. रॉबिन्सनचा पाय ज्या गादीवर आहे ती कुठल्या प्रश्नाच्या मध्यावर ठेवली आहे, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

मे महिन्यातच पिट्सबर्गला फर्स्ट बेसवर त्याची हँक ग्रीनबर्गशी टक्कर होते. ग्रीनबर्ग ज्यू, वर्षानुवर्षं त्याने स्वतःच्या जातकुळीवरून शिव्या खाल्लेल्या. थोड्या वेळाने तो रॉबिन्सनला विचारतो, लागलं का? आणि मान ताठ ठेव, टिकून राहा, अशा अर्थाची दोन वाक्यं बोलतो. प्रतिस्पर्धी संघातून आलेले असे शब्द त्याच्या कानावर फार कमी पडले होते.

जून भरभर जातो. सलग 21 सामन्यांत हिट. पण 24 जूनला पिट्सबर्गला थांबाच. रॉबिन्सन थर्ड बेसवर, स्कोअर 2-2. पिचर ऑस्टरम्युलर, मे महिन्यात याचाच चेंडू रॉबिन्सनच्या हाताला लागला होता. तो डावखुरा, म्हणजे चेंडू टाकायला उभा राहिला की त्याची पाठ थर्ड बेसकडे. रॉबिन्सन दोन पावलं खोटी टाकतो, परत येतो. पुन्हा टाकतो. पिचर हात वर नेतो, आणि हा सुटतो, होम प्लेटकडे, जिथे चेंडूही निघालाय. धूळ उडते. पंचाचे हात आडवे पसरतात: सुरक्षित. तोंडाने काही न बोलता द्यायचं उत्तर कसं असतं, ते इथे पाहून घ्या.

20 ऑगस्ट, ब्रुकलिन. आपल्याकडे स्वातंत्र्याला पाच दिवस झालेत, आंबेडकर देशाचे कायदामंत्री आहेत. इथे सेंट लुईस कार्डिनल्सचा ईनोस स्लॉटर जमिनीलगत चेंडू मारून फर्स्ट बेसकडे पळतोय. चेंडू वेळेत येतो, स्लॉटर बाद होणार हे तुम्हालाही दिसतं. रॉबिन्सनचा पाय गादीच्या कडेला आहे, धावणाऱ्याला वाट मोकळी आहे. तरी स्लॉटरचा बूट त्याच्या पायावर पडतो, तळाच्या धातूच्या खिळ्यांसकट. मुद्दाम नव्हतं, असं स्लॉटर पुढे म्हणत राहिला. मला ते पटत नाही. रॉबिन्सन लंगडतो, आणि खेळत राहतो.

सप्टेंबरात हेच संघ सेंट लुईसला भिडतात. 11 तारखेला कॅचर जो गॅराजिओलाचा बूट पुन्हा त्याच्या पायावर येतो. रॉबिन्सन बॅटिंगला आल्यावर दोघांची जुंपते. यावेळी तो बोलतो. कोच क्लाइड सुकफर्थ धावत येऊन त्याला मागे ओढतात, पंच मध्ये पडतात. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो: पाच महिन्यांनी त्याने स्वतःला रागवायची परवानगी दिली, आणि जग बुडालं नाही. त्याच दौऱ्यात एक उंच उडालेला चेंडू पकडायला तो आकाशाकडे बघत थेट डगआउटच्या दिशेने धावतो. पुढे पायऱ्या आहेत, त्याचं लक्ष नाही. पिचर राल्फ ब्रँका उडी मारून बाहेर येतो आणि पडण्याआधी त्याला दोन्ही हातांनी कवेत घेतो.

अखेरीस ब्रुकलिन 94 विजयांसह नॅशनल लीग जिंकतं. रॉबिन्सन 151 सामने खेळलाय: सरासरी .297, 125 धावा, चोरलेले बेस 29, लीगमध्ये सर्वाधिक. नवोदितांसाठी याच वर्षी सुरू झालेला पुरस्कार त्याला मिळतो. घरच्या मैदानावर 18 लाखांहून अधिक लोक येऊन गेले, नॅशनल लीगचा तोवरचा विक्रम. घाबरलेल्या मालकांचा हिशेब किती चुकीचा होता, ते तिकीट खिडकीने दाखवलं.

उरली वर्ल्ड सिरीज, यांकीजविरुद्ध. ती यंदा पहिल्यांदाच टेलिव्हिजनवर दिसतेय, आणि शहरातल्या बारमध्ये लोक इवल्याशा पडद्यापुढे दाटीवाटीने उभे आहेत. तुम्ही मात्र 3 ऑक्टोबरला मैदानातच असा. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत यांकीजच्या बिल बेव्हन्सने एकही हिट दिलेली नाही. ब्रुकलिन 1-2 ने मागे, दोन धावपटू बेसवर. स्टँकीच्या जागी कुकी लाव्हाजेटो येतो, आणि दुसरा चेंडू उजवीकडच्या भिंतीवर भिरकावतो. दोघेही घरी, 3-2. ब्रुकलिनची ती दिवसातली एकुलती एक हिट. शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारेल, मारू द्या.

सातवा सामना 6 ऑक्टोबरला यांकी स्टेडियमवर. ब्रुकलिन 2-5 ने हरतं. परतीच्या गाडीत तुमच्यासमोर उभे असलेले दोन गोरे ब्रुकलिनकर तावातावाने बोलतायत. एक म्हणतो, पिचर कमी पडले, पुढच्या वर्षी आधी पिचर आणा. दुसरा म्हणतो, आणि रॉबिन्सनला सेकंड बेसवर न्या, त्याचा खरा खेळ तिथला आहे. मग स्टँकीचं काय करायचं, पहिला चिडून विचारतो, त्याला विकायचं? पुढच्या मार्चमध्ये स्टँकीला खरंच बॉस्टनला पाठवतील आणि रॉबिन्सन सेकंड बेसवर जाईल, हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगू नका. स्टेशन यायला अजून वेळ आहे, आणि पहिल्याने नुकतंच बोटांवर पिचरांची नावं मोजायला घेतलंय.