सुरगाठ आणि एक हात

शाळेच्या बुटांची लेस बांधायला मला अब्बांनी शिकवले. ‘सुरगाठ मार, निरगाठ नको. घरी आल्यावर एका ओढीत सुटली पाहिजे,’ असे ते सांगत. पुढे उतारवयात अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला. पाय ओढत चालणाऱ्याच्या पायातून चप्पल निसटते, म्हणून बूट घालणे भाग पडले. नमाज आटोपून ते मशिदीच्या पायरीवर बसत आणि कुणीतरी वाकून त्यांची लेस बांधी. अब्बा तेवढा वेळ दुसरीकडे पाहत राहत. गाठ मारायला दोन हात लागतात, ही साधी गोष्ट मला तेव्हा कळली.

ही गाठ आहे मात्र फार जुनी. 2008 साली आर्मेनियातल्या अरेनी गावाजवळच्या गुहेत चामड्याचा एक बूट सापडला. त्याचे वय सुमारे साडेपाच हजार वर्षे. गाईच्या चामड्याच्या एकाच तुकड्यातून केलेला, आणि भोकांतून ओवलेली वादी अजून जागेवर! म्हणजे इतकी शतके माणूस रोज वाकून आपली पायताणे आवळत आला.

त्याला पर्याय मिळायला रबर हाती यावे लागले. 1820 साली लंडनच्या थॉमस हॅनकॉक यांनी कपड्यांत ताणल्या जाणाऱ्या रबरी पट्ट्या वापरण्याचे पेटंट घेतले. 1837 मध्ये जे. स्पार्क्स हॉल या चर्मकाराने व्हिक्टोरिया राणीसाठी दोन्ही बाजूंना लवचीक पट्टी असलेले बूट केले. ना लेस, ना बटणे. नुसता पाय सरकवायचा. अडचण एवढीच, की कच्चे रबर थंडीत कडक होई आणि उकाड्यात चिकट. गंधक मिसळून रबर तापवले की हा दोष जातो, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी शोधले. 1844 साली त्यांना पेटंट मिळाले. मग असे बूट रुळले. आज त्यांनाच ‘चेल्सी बूट’ म्हणतात.

आताची इलॅस्टिक लेस ही त्याच कुळातली. आत रबराचे धागे, वर विणलेले आवरण. एकदा ओवून ताण ठरवायचा, टोके अडकवून टाकायची. पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत असते ना, ट्रायथलॉन, त्यातले खेळाडू काही सेकंद वाचवण्यासाठी ती वापरतात. 2000 साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

साध्या गाठीचीही एक खोड आहे. चालताना पाऊल आपटल्याने ती सैल होते आणि लेसची हलणारी टोके तिला ओढत नेतात, असे 2017 साली बर्कलीच्या संशोधकांनी दाखवून दिले. तरी डोंगर चढताना पाय घट्ट धरायला बांधलेली लेसच बरी. इलॅस्टिक तिथे ढिली पडते.

पण सगळ्यांनाच कुठे डोंगर चढायचा असतो? कुणाला मशिदीची तीन पायऱ्या उतरून घरी यायचे असते. मी अब्बांच्या बुटांत अशी लेस ओवून दिली. पहिल्या दिवशी त्यांनी पाय सरकवला, काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘चल.’ त्या दिवशी वाकायला आलेल्या पोराच्या डोक्यावर त्यांनी नुसता हात ठेवला.